उभं पान

शेवटची ट्राम झिडेनित्सेच्या वळणावर किंचाळून गेली
तेव्हा लुबोर वाविर्कांच्या टेबलावर
दोन पडदे होते, दोन्ही काळे.
लॅपटॉपचा मी काळा केलेला,
नवा सत्तावीस इंची आल्यापासूनच तसा.

अग्निशमन दलाच्या बँडसाठी ते स्वरलिपी उतरवतात.
ट्युबा, ट्रंपेट, कायम उशिरा येणारा एक ढोल.
त्र्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांना आता
पाच रेघांची एकच जाड रेघ दिसते.
म्हणून हा मॉनिटर. "अख्खं पान दिसू दे", एवढंच मागणं.
मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

दहा मिनिटांचं काम
खसखशीच्या केकच्या तिसऱ्या तुकड्यापर्यंत आलं.
ड्रायव्हर काढला, ड्रायव्हर घातला,
जुना कर्नल निवडून उठवून पाहिलं.
मुक्त ड्रायव्हर आणि कंपनीचा ड्रायव्हर,
एका म्यानात दोन तलवारी;
एकाला काळ्या यादीत टाकावं तर दुसरा रुसतो.
कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
काळ्यावर पांढरी अक्षरं, लुकलुकणारी आडवी रेघ,
तेवढीच काय ती धुगधुगी.

विचारलं, कोण कोण आहे जोडलेलं?
यंत्र म्हणालं, अंगचा पडदा.
बस.
वायर निखळली असती तर तसं सांगितलं असतं त्याने.
इथे तर या नावाचं कोणी राहतच नाही, असं म्हणत होतं,
आणि मी त्याच्याच वायरचं टोक हातात धरून उभी.

वाविर्का लिंडनच्या फुलांचा चहा गाळत होते.
"बँडमध्ये कोणी गप्प बसला," ते म्हणाले,
"तर मी आधी बघतो, त्याला पान दिलंय का."

मग आठवलं.
ऑक्टोबरात ते म्हणाले होते, पंखा फार घोंगावतो,
बॅटरी लगेच संपते.
मीच एका फाइलीत एक ओळ लिहून
दुसरं ग्राफिक्स कार्ड झोपवलं होतं
आणि केक घेऊन वर, माझ्या मजल्यावर गेले होते.
या लॅपटॉपच्या एचडीएमआयचं तांबं
थेट त्या झोपलेल्याच्या उशाशी जातं.
तीन तास जे दार बडवत होते
त्याला बाहेरून कडी माझीच.

ओळ पुसली. रीबूट.
पंखा घोंगावला.

पडदा उजळला, पण आडवा,
शिवाय यंत्राच्या समजुतीत तो उजवीकडे होता,
टेबलावर डावीकडे.
बाण डाव्या कडेवर जाऊन थडकायचा,
वाविर्का माऊस उचलून पुन्हा ढकलायचे,
बंद खिडकीशी माशी करते तसं.
"टेबलावरच हलवू का याला?"
नको, म्हटलं, समजूत हलवू.
xrandr, एवढा शब्द, मग डावीकडे, मग उभा.
अक्षरं आधी कुशीवर पडली.
मी स्टँडवर मॉनिटर फिरवला तशी उठून बसली.

अख्खं पान. वरच्या नावापासून खालच्या ढोलापर्यंत.

मला वाटलं, आता काही तरी छान बोलतील.
ते चष्मा कपाळावर सरकवून पुढे वाकले,
ट्युबाच्या ओळीवर बोट ठेवलं, काचेवरच.
एक्केचाळिसाव्या मात्रेत
कोमल स्वराची खूण राहून गेली होती. त्यांच्याच हातून.

"चार वर्षं," ते म्हणाले,
"मी समजत होतो, ओतकार बेसूर आहे."

कोपऱ्यात बॅटरी सांगत होती:
एक तास, चार मिनिटं.