रकाना

पाणी कमरेवरून गुडघ्यावर उतरलं
की बांग्वेउलूच्या दलदलीत माझी नोकरी सुरू होते.
तीन महिने, एक घरटं, एक शिट्टी, एक वही.
पपायरसच्या तरंगत्या गादीवर बसायचं,
बूड कायम ओलं.

पूर्वी असलं पिल्लू मी
दोन पोती मक्याच्या पिठाला विकलं असतं.
एकदा विकलंय.
साहेबांना ते माहीत आहे, म्हणूनच मला घेतलं.
चोराला वाट पाठ असते.

ती उभी. तोंडाला खडाव बांधल्यासारखी चोच,
रंग राखेचा, आणि नजर अशी
की उधारी मागायला आलेल्यानं आल्या पावली परतावं.
तासन् तास हलत नाही.
मग एकाएकी सगळी पाण्यात कोसळते,
गवतासकट मासा वर,
गवत गाळून मासा आत.

दुपारी चोचीत पाणी भरून आणते
आणि पिलाच्या अंगावर ओतते.
एकाच्याच.
थोरलं धाकट्याला टोचत राहतं,
ती बघते. मीही बघतो.
हात लावायचा नाही, वहीच्या पहिल्याच पानावर छापलंय.
माझ्या डब्यात उकडलेला मासा होता,
वाटी होती, वाटीत बुडवायला बोट होतं.

अकराव्या दिवशी धाकटं हललं नाही.
संध्याकाळी पिलांच्या रकान्यात मी लिहिलं: दोन.
दुसऱ्या दिवशीही दोन.
तिसऱ्या दिवशी कपेम्ब्वा साहेब होडीतून आले,
दुर्बिणीतून घरटं पाहिलं, मग वही पाहिली,
म्हणाले, चोला, तुला मोजता येत नाही?

येतं की.
पण आमच्यात जुळ्यांच्या पाठीवर जो जन्मतो
त्याचं नाव चोला ठेवतात.
माझ्या आधीच्या त्या दोघांतला एक
बाळसं धरायच्या आत गेला,
आणि शिरगणतीवाला दारात आला
की आई अजून त्याचं नाव सांगते.
तो खोडतो.
ती पुन्हा सांगते, जरा मोठ्यानं,
त्याला ऐकू कमी येतं असं समजून.

हे साहेबांना सांगितलं नाही.
त्यांनी दोनवर काट मारली, एक लिहिला,
शेजारी बारीक सही केली.
मी त्यांची होडी गवतातून ढकलून दिली.

रात्री काळी लेचवे हरणं उथळातून गेली,
पाणी बराच वेळ खळखळत होतं,
त्यांची गणती माझ्याकडे नाही.
घरट्यात चोच खटखटली, थांबली.
मी तिकडे पाठ करून बसलो,
शिट्टी दातांत,
काळोखात कुणाची होडी
काठी टेकत येतेय का, ऐकत.