एकतीस घरं

टाकोराडीच्या गोल बाजारामागे, टायरच्या दुकानावर
आमची प्रयोगशाळा : तीन टेबलं, एक जनरेटर,
आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांच्या रांगा –
करायचंय, चाललंय, झालं.
‘झालं’ची रांग सगळ्यात लांब.
येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही ती आधी दाखवायचो.

संशोधनाचा विषय मोठा, त्याचं नाव त्याहून मोठं.
थोडक्यात सांगायचं तर :
एबो आइडू नावाचा माणूस सकाळी बाजारभर फिरतो,
एकेकीकडून दहा-दहा सेडी घेतो,
पिवळ्या कार्डावरच्या एका घरात सही करतो.
एकतीस घरं भरली की तीस दिवसांचे पैसे परत,
एका दिवसाचे त्याचे.
हे सगळं आम्हाला फोनमध्ये आणायचं होतं.

फीफी म्हणाला, दोन आठवडे.

मी आधी चाचण्या लिहिल्या, मग कोड.
शिस्त म्हणजे शिस्त.
शून्य रक्कम, उणे रक्कम,
घाईत दोनदा दाबलेलं बटण,
पैसे निघाल्यावर आणि पोचण्याआधी गेलेलं नेटवर्क,
लीप वर्षातली एकोणतीस तारीखसुद्धा.
दोनशे चौदा चाचण्या. सगळ्या हिरव्यागार.
फीफीनं ओळ न् ओळ वाचली,
एका व्हेरिएबलच्या नावावरून आम्ही तासभर भांडलो,
मग त्यानं लिहिलं : मंजूर.

मार्चच्या पहिल्या तारखेला अराबा जिना चढून वर आली.
अंगाला मासळीच्या धुरीचा वास.
फोन माझ्यासमोर पालथा ठेवला,
नापास पोराचं प्रगतिपुस्तक ठेवावं तसा.
“माझा महिना कुणी बंद केला?”

मी म्हणाले, फेब्रुवारी संपला ना.
ती म्हणाली, तुमचा संपला असेल.

सहा दिवस होड्या गेल्या नव्हत्या.
पाच दिवस मुलगी तापानं फणफणलेली.
सतरा घरं भरली होती तिची,
आणि अठ्ठावीसच्या मध्यरात्री, बाजार झोपलेला असताना,
आमच्या कोडनं सतरातलं एक कापून
सोळांचे पैसे तिच्या फोनवर टाकले.
वेळेवर. एक पेसेवाही न चुकता.
सकाळी बर्फवाला उधारी मागायला आला
तेव्हा ते तिच्या हातात होते.
हातात असलेल्या पैशाला नाही म्हणता येत नाही,
त्यासाठीच तर ती ते एबोकडे देत होती.
भट्टीची नवी जाळी राहिली.

एबोला बोलावलं. तो आला, बसला नाही.
खिशातून रबरबँड लावलेला गठ्ठा काढला :
सगळ्यांची पिवळी कार्डं, अजून चालूच.
आमच्या ॲपच्या पहिल्या दिवसापासून
तो दोन्हीकडे लिहीत होता.
आम्हाला सांगितलं का नाही? मी विचारलं.
तुम्ही विचारलं नाही, तो म्हणाला,
आणि त्यात टोमणा नव्हता.

कार्डावर तारीख कुठेच नव्हती.
मी उलटून पाहिलं, मागेही नव्हती.
नुसती घरं.
“मग महिना म्हणजे किती?”
“भरेपर्यंत,” एबो म्हणाला.
अराबा माझ्याकडे बघत राहिली,
पोरीला घड्याळ वाचता येत नाही
हे आत्ताच कळल्यासारखी.

त्या रात्री मी दोनशे पंधरावी चाचणी लिहिली,
नाव दिलं : अराबाचा फेब्रुवारी.
ती लाल आली.
दुरुस्ती चार ओळींची होती, तीन तर पुसायच्याच.
तरी ती लाल ओळ मी जरा वेळ तशीच राहू दिली.
खाली टायरवाला शटर ओढत होता.
दोनशे चौदा हिरव्या ओळी वर सरकून गेल्या होत्या,
त्यांतली एकही खोटं बोलत नव्हती.

पण हे नंतरचं. त्या सकाळी
कापलेले दहा सेडी परत द्यायची सोय
आमच्या सिस्टिममध्ये नव्हती.
मी पर्समधून नोट काढून अराबाला दिली.
तिनं ती तशीच एबोकडे सरकवली.
त्यानं कोरं कार्ड काढलं, पेन झटकलं,
पहिल्या घरात सही केली.

फीफी उठला, भिंतीपाशी गेला,
आणि ‘झालं’मधली आमची चिठ्ठी
उचकटून ‘चाललंय’मध्ये लावली.
डिंक सुकला होता. दोनदा पडली.