काचसामान

माझं आडनाव जर्मन. नोकरीच्या फॉर्मवर
ते वाचून दोन साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.
तिनं फॉर्म उलटा केला, म्हणाली, हात दाखव.
दाखवले. बिटाच्या शेतातले, भेगाळलेले.
"ॲसिड झोंबेल. उद्या सातला ये."

अशी मी फ्रुंझेच्या त्या पिवळ्या इमारतीत
नळ्या, बशा, पिपेट धुवायला लागले,
आणि जिपारा असानोव्हना, वैद्यकीय सेवेतली मेजर,
माझ्या पाठीशी उभी राहून
एकेक नळी उजेडाला धरायची.
"साबणाचा एक थेंब राहिला, ओटिल्ये,
तर ही नळी आठवडाभर आपल्याशी खोटं बोलेल."

युद्धाचं ती बोलत नसे.
एकदाच, वीज गेली होती, स्टोव्हपाशी बसून:
इस्पितळाची आगगाडी, डबा चौथा,
वरच्या फळीवर एक पोरगा, खालच्या फळीवर एक,
दोघांच्या मांडीत एकाच स्फोटाचं लोखंड,
एकाच रात्री, एकाच सुरीनं तिनं दोघांना उघडलं.
सकाळी वरचा भाकरी मागत होता.
खालच्याचे बूट
कुणाला होतील ते ती बघत होती.
"सुरी तीच होती गं. मग रक्तात काय वेगळं होतं?"
वीज आली. ती उठली, उंदरांना दाणे घातले.

डोंगरातल्या छावण्यांत शिपाई तापानं फणफणायचे,
चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा ताप,
सांधे धरायचे, आणि अधिकारी लिहायचे: कामचुकार.
तिनं त्यांचं दूध बघितलं, न उकळलेलं.
मेंढ्या बघितल्या, गाभ टाकणाऱ्या.
मग घोड्यावरून, नमद्यात कुप्या गुंडाळून,
खिंडीपलीकडे.
तिथली एक म्हातारी तोंडावर हसली:
अडलेलं कोकरू काढायला
कोपरापर्यंत रबरी मोजे! एवढं सोवळं?
कोकरू निघालं. जिपारानं मोजे जाळले,
आणि म्हातारीनं, बराच वेळ राख बघून,
बाही वर केली.

लस पहिल्यांदा कुणाला टोचली, ते वहीत आहे:
"व्यक्ती १. स्त्री. वय ४१.
ताप नवव्या दिवशी. उजवा खुबा."
मला कुणी सांगायला नको होतं.
त्या हिवाळ्यात ती सिरिंज मीच धुतली होती,
आणि नंतर वीस वर्षं
जिन्यावर तिचं उजवं पाऊल
डाव्यापेक्षा अर्धा श्वास उशिरा वाजायचं.

मॉस्कोत निबंध छापून आला. वर संचालकांचं नाव,
मग त्यांच्या जावयाचं, मग "आणि इतर".
मी चिडले. तिनं चष्मा पुसला.
"इतर म्हणजे तू आणि मी.
आणि उंदीर. बरी संगत आहे."

शेवटी शेवटी ती नावं विसरली.
मला बहिणीच्या नावानं हाक मारायची, मी ओ द्यायचे.
लेफ्टनंट कर्नलचा कोट झग्यावर चढवून
खिडकीशी आगगाडीची वाट बघायची.
एका नव्या डॉक्टर पोरीनं तिच्या दंडातून रक्त घेतलं,
काचपट्टीवर थेंब, थेंबात औषधाचा थेंब, हलवलं,
आणि दाणे धरले. पांढरे, रवाळ,
नासलेल्या दुधासारखे.
"इतक्या वर्षांनी?" पोरगी म्हणाली.
नावं गेली होती तिची.
रक्त अजून हजेरी घेत होतं.

पट्टी माझ्याकडे आली, धुवायला.
ठेवून घ्यावी असं वाटलं, खोटं कशाला सांगू.
मग ॲसिडात टाकली, सात पाण्यांतून काढली,
उजेडाला धरली.
तिला डाग खपला नसता.