हवेतलं चाक

कुळ्याच्या गॅरेजात कायतानने
जीपचं पुढचं डावं चाक चिऱ्यांवर चढवलं,
तीन चिरे, मग चौथा,
आणि मागचं डावं जमीन सोडून वर आलं
एवढंसं, खालून माझी चप्पल सरकेल इतकं.
"आता रेस दे."
दिली.
हवेतलं चाक भिरभिरलं,
जमिनीवरचं उजवं ढिम्म.

"पळयलें मरे? ज्याच्यावर काही ओझं नाही
तोच सगळा जोर खातो.
डिफरन्शियल असाच. कंपनीतूनच असा येतो."
मला खाणीवरचे सुपरवायझर आठवले.
बोललो नाही. कायतानचा भाऊ त्यातलाच होता.

पैसे एकाचेच होते.
टिपर विकून उरलेले, बायकोच्या पतसंस्थेतले धरून
एक्केचाळीस हजार.
एक तर लॉकर:
मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडायची,
एक फिरलं की दुसऱ्याला फिरणं भाग,
खाली चिखल असो, दगड असो, काहीच नसो.
नाहीतर लांब पाटे, सैल शॅकल, उंच शॉकअब्सॉर्बर:
म्हणजे चाक खड्ड्यात उतरेल, तळ चाचपेल,
काळोखात नदी ओलांडताना
आपण आधी अंगठा टाकतो तसं.

मेव्हणा शाणू म्हणाला, लॉकर.
"वाकत कशाला बसायचं? बांधून टाक."
शाणूचं सगळं असंच.
बांधाच्या केसमध्ये बारा वर्षं
स्वतःच बांधलेला आहे.
मी म्हटलं, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालायचं असतं,
आतल्याला कमी,
लॉकर ते ऐकून घेत नाही, टायर खातो.
तो म्हणाला, आणि तुझी सैल गाडी कलली
की पाहुणे उतरून चालत परत जातील, पैसे मागत.
हेही खरं होतं.

रविवारी मीस आटपून कायतान बंद चिरेखाणीवर आला,
इस्त्रीचा शर्ट तसाच.
रोझारियूच्या जीपला लॉकर, झिलू वेळीपची सैल.
रोझारियू रेड्यासारखा चढला,
मागे दगड उडवत, आम्ही चौघे बाजूला पळालो.
वर पोचला. एक्सलमधून काहीतरी टक् वाजलं,
ते त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.
झिलू कुर्लीसारखा,
एकेक पाय वेगळा, घाई नाही,
बंपर एकीकडे, हौदा भलतीकडे.
शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं.
तिथे चारही चाकं जमिनीला टेकलेली
आणि तरी गाडी जागच्या जागी.
टेकणं म्हणजे धरणं नव्हे,
हे मला त्या दिवशी कळलं, वय सत्तेचाळीस.

मग कायतान माझ्या जीपमध्ये चढला,
जिला यातलं काहीच नव्हतं.
हवेत चाक सुटलं तशी त्याने रेस कमी केली नाही,
ब्रेकवर अर्धा पाय ठेवला.
"सुटलेल्याला जरा वाटू दे
की आपल्यावरही ओझं आहे."
उजवं चाक जागं झालं.
गाडी कुरकुरत वर.
शाणू म्हणाला, फुकट आहे म्हणून तुला आवडलं.

तरी पाटे घेतलेच, मंगळवारी, मडगावहून.
का, ते नीट सांगता येत नाही.
मागे सातजण बसतात,
आणि माझीही कंबर आहे.

आज तिसऱ्या ओहोळात
नाशिकच्या एका बाईंनी माझा खांदा धरला.
"थांबली का हो गाडी?"
"नाही. शोधतेय."
मागचं चाक पाण्याखाली उतरत होतं,
पुरानंतर तिथला माझा ओळखीचा दगड
जागेवर नव्हता.
मी ब्रेकवर अर्धा पाय ठेवला.
शाणूचा दोर सीटखाली असतोच,
त्याच्या हातच्या गाठी मारलेला.