तिखटाआधीची वाटी

धंतोलीचे डॉक्टर म्हणाले,
आतड्याचं अस्तर झिजलंय, नंदनवार,
तिखट बंद.
तीस वर्षं सावजीची भट्टी माझी.
आता चाखायचं कोणी?

पोट्ट्यानं पेप्टाइडचा डबा आणला.
जिममधल्या दुखऱ्या खांद्यासाठी तोही घेते म्हणे,
फाटलेलं सांधते.
किंमत पाहून मी चष्मा पुसला.

पांढरी भुकटी. ना वास, ना चव.
फक्त ओठाला ओठ चिकटला जरासा
अन् हसूच आलं, बाप्पा,
पायासूप पिल्यावर चिकटते तसा.

गोळीबार चौकात पहाटे
गंजात हाडं उकळतच होती.
मसाला पडायच्या आधी
एक वाटी काढून ठेवली माझ्यासाठी.

चमच्यानं बरं होईल का वाटीनं,
कोणाले माहीत.

आज रस्सा पोट्ट्यानं चाखला.
एका हातानं खांदा धरून,
डोळ्यात पाणी,
म्हणते, मीठ कमी हाय.