मुका खांब

बोहरी आळीत, बटणांच्या दुकानावरच्या माळ्यावर,
शनिवारी चार वाजता आम्ही सातजण.
सहा बाया आणि मी.
जिना इतका अरुंद की वर येणाऱ्यानं
उतरणाऱ्याची वाट बघत उभं राहायचं.
मुनीराबेन म्हणाल्या, चपला इथं काढा,
लाजही तिथंच ठेवा, कुणी नेत नाही.

का शिकताय, असं कुणी विचारलंच
तर मी सांगतो, गुडघा दुखतो म्हणून.
लोक जरा विचार करतात आणि गप्प बसतात.

चौतीस वर्षं भोसरीत लेथवर काढली,
त्यातली शेवटची अकरा तपासनीस.
केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक
अंगठ्याला आपसूक कळायची.
आता साडेतीन मिलिमीटरची सुई धरली
तर अंगठा म्हणाला, आपली ओळख नाही.

पहिल्या आठवड्यात नुसती साखळी.
फास, फासातून दोरा, परत फास.
माझे फास असे की त्यात सुईच शिरेना.
"अहो काका, नटबोल्ट नाही आवळायचाय,"
म्हणत त्यांनी माझ्या करंगळीवरचा दोरा सोडवला,
झोपलेल्या पोराच्या बुटाची नाडी सोडवावी तसा.

दुसऱ्या आठवड्यात मुका खांब.
नाव ऐकून मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.
खांब असतो, अर्धा खांब असतो,
आणि सगळ्यांत बुटका, सगळ्यांत घट्ट, तो मुका.
मला तो लगेच जमला.
आमच्या घराण्यात सगळे तसलेच.

अठरा टाक्यांचा चौकोन करायचा होता.
माझा वर जाता जाता निमुळता झाला,
देऊळ नसलेली पर्वती.
अठरा, सतरा, सतरा, सोळा, चौदा.
दर ओळीच्या टोकाला एक टाका
अंग चोरून कडेला उभा असतो
आणि मी त्याच्या अलीकडूनच वळतो.
हेमलता बघून म्हणाली,
सामोसा छान झालाय, तळू का?

मुनीराबेन टोपी विणत होत्या,
पांढरी, सोनेरी काठाची, खाली न बघता.
माझा तुकडा घेतला, सुई काढली, टोक ओढलं.
सरसर दोन आठवडे माझ्याच मांडीवर येऊन पडले.
"परत घाला," म्हणाल्या.
रागानं नाही. भाताला पाणी कमी पडलं
तर सांगतात ना, अजून घाला, तसं.

लोखंडात हे नव्हतं.
जास्त कातलं की कातलं.
सुदाम खिल्लारे नावाचा पोरगा होता, ॲप्रेंटिस.
त्याचं बुश चार शतांशानं गेलं
आणि मी ते सगळ्यांदेखत भंगाराच्या पिंपात टाकलं.
वरून टाकलं, आवाज व्हावा म्हणून.
जेवणाच्या सुट्टीआधीच तो गेला, तो आलाच नाही.
डबा दोन दिवस फळीवर होता.
तिसऱ्या दिवशी मी तो धुतला.
कुणाकडे द्यायचा, ते कळलं नाही.

मंडईला मेट्रोत बसायला जागा मिळाली.
उसवलेली लोकर लगेच सरळ होत नाही,
मोडलेल्या टाक्यांचं वळण धरून बसते.
ओढून पाहिली. सोडली की परत तशीच.
शिवाजीनगरनंतर गाडी जमिनीतून वर आली,
मांडीवर ऊन पडलं.
शेजारची कॉलेजातली मुलगी
मोबाइल उलटा ठेवून माझ्या हातांकडे बघत होती.

खिशात स्प्रिंग वॉशर होता, असतोच.
एके ठिकाणी कापलेला, म्हणून टाक्यात अडकतो.
ओळीच्या अगदी कडेच्या टाक्यात अडकवला:
तू इथं आहेस, मला माहीत आहे.

सोळा.
दापोडीच्या अलीकडे नदी आली आणि गेली.
सतरा.
"काका, कुठं उतरायचंय तुम्हाला?"
नाशिक फाटा कधीच मागे गेला होता.
थांब, म्हटलं, वॉशर येऊ दे.

अठरा.
मग एक साखळी घातली, आणि काम फिरवलं.