एकेरी रांग

कंपूच्या चढावर, दवाखान्यामागच्या गल्लीत आमची लॅब.
मे महिन्यात कूलरच्या खसाचा वास
आणि झायलीनचा,
दोन्ही सारखेच डोक्यात जातात.
माझं काम रंग द्यायचं. बत्तीस वर्षं झाली.
मेणात बसवलेल्या गाठीची सायीहून पातळ चकती
कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर अलगद उचलायची,
मग अँटीबॉडी,
मग वाट बघायची तपकिरी रंगाची.

ई-कॅडहेरिन म्हणतात त्याला.
पेशीच्या अंगातून बाहेर आलेला हात.
शेजारणीचाही तसाच येतो
आणि दोघींच्या मध्ये लागतो चुना.
कॅल्शियम म्हणा, पण मला चुनाच कळतो.
तो काढून घेतला की हात लुळे,
भिंत म्हणजे नुसता विटांचा ढीग.

जिथे हात धरलेले, तिथे रेघ उमटते.
निरोगी नलिकेवर बघावं:
हजीऱ्याकडच्या मकबऱ्यातली दगडी जाळी,
घराला घर लागून, मधून उजेड.
लहानपणी मी तिला गाल लावून उभा राहायचो,
दगड आतून गार असायचा.

वैशंपायन मॅडम चहा पिताना सांगतात:
आईच्या पोटात आपण आठ पेशी असतो तेव्हा
टोपलीतल्या बोरांसारख्या सुट्या.
मग कधीतरी एकमेकींना अशा आवळून धरतात
की कुठली कोणती, ओळखू येत नाही.
आणि पुढे पाठीच्या काठावरच्या काही
हात सोडूनच निघतात, फार लांब.
कुणी जबडा होते, कुणी कातडीचा रंग,
कुणी आतड्यात जाऊन नस होते.
"सोडल्याशिवायही माणूस होत नाही, कदम,"
असं म्हणून बिस्कीट बुडवतात.

विमल चांदोरकर, वय चौसष्ट, चिटणिसांची गोठ.
गाठ अशी हाताला लागतच नव्हती,
नुसतं जड वाटायचं, डावीकडे.
मी रंग दिला.
कोपऱ्यातल्या एका जुन्या नलिकेवर जाळी उठली,
म्हणजे माझा हात चुकला नव्हता.
बाकी सगळीकडे तपकिरी नाहीच.
निळे ठिपके, एकामागे एक,
तंतूंच्या मधून चाललेले.

तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. "मला बघायचंय."
असं कुणाला दाखवत नाहीत.
मॅडमनी खुर्ची सरकवली.
चष्मा कपाळावर ढकलून
त्या बराच वेळ भिंगावर वाकलेल्या.

"ही तर एकेरी रांग.
कन्याशाळेत पी.टी. घ्यायचे मी, छत्तीस वर्षं.
आधी गोल, हातात हात,
मग शिट्टी, मग एकेकीनं सुटायचं.
इथे शिट्टी कोणी दिली?"

"कोणी नाही, बाई. एका जीनमध्ये बिघाड झाला,
हात उगवायचेच थांबले."

"आणि दंगा?"
"नाही. या शांतच असतात."
"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या.
"दंगा करणारी वर्गातच सापडते.
शिस्तीत निघून गेलेली
फाटकाबाहेर गेल्यावर कळते."

कूलर घरघरत होता.
मॅडम काही बोलल्या नाहीत, मी टोपणं लावत बसलो.
मग त्यांनी मलाच विचारलं,
"ती जाळी पुन्हा दाखवता?"
मी काच सरकवली.
"या अजून धरून आहेत," एवढंच म्हणाल्या,
आणि परत रांगेकडे न्यायला सांगितली,
बोटाने हवेत मोजलं, ओठ हलवत.
"सतरा."

रिपोर्टात असा आकडा कुठेच नसतो.
त्या गेल्यावर टेम्पोचा आवाज उतारावरून खाली गेला,
मी तीच जागा शोधून काढली.
अठरा होत्या.
एक तंतूच्या घडीआड.
फोन नंबर फॉर्मवर होता.
केला नाही.